शाळेत असतानाच महाविद्यालय : लाभ आणि सावधगिरी

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही वक्ते नव्हे. प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविणारे आम्ही एक साधे मास्तर. तथापि आजचे बोलणे आम्ही टाळले नाही, आणि त्याला एक कारण आहे. २०२२ साली आम्ही अमेरिकेत चिरंजीवांकडे असता तेथून मंडळाला एक पत्र धाडले होते. आमची नात अकरावीच्या वर्गात असतानाच महाविद्यालयात जाऊ लागली, ही वार्ता त्यात आम्ही मोठ्या अभिमानाने कळविली होती. ते पत्र त्या वर्षीच्या मेळाव्यात वाचून दाखविण्यात आले आणि टाळ्या पडल्या, असे आम्हांस कळले. त्यानंतर आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे त्या देशात आहेत अशा कित्येक कुटुंबांनी आमच्याकडे विचारणा केली. काहींनी तर आमच्या शब्दावर विसंबून मुलांची नावेही घातली. ते पत्र खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. उरलेले पत्र आज वाचावयाचे आहे.

प्रथम आमची पात्रता सांगतो. १९७६ साली आम्ही दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालो. नव्या आकृतिबंधाची ती दुसरीच तुकडी. तरी गावात लोक आम्हांस ‘मॅट्रिक झाला’ असेच म्हणत. घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे अकरावीला न जाता आम्ही अध्यापक विद्यालयाची वाट धरली आणि विसाव्या वर्षाच्या आत नोकरीस लागलो. महाविद्यालयाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून पाऊल ठेवण्याचा योग या जन्मी आला नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, ज्याला एखादे दार बंद राहिले त्याला ते दार दुसऱ्यासाठी लवकर उघडले की अतोनात हर्ष होतो. आणि हर्षाच्या भरात तो दारापलीकडची पायरी पाहावयास विसरतो. आमचे तसेच झाले.

आता मूळ विषय. अमेरिकेत बारावीपर्यंतचे शिक्षण शाळेतच होते. नववी ते बारावी या चार वर्षांस हायस्कूल म्हणतात. महाविद्यालयात प्रत्येक विषयाला ठराविक ‘क्रेडिट’ असतात. आपल्याकडे अलीकडे यास श्रेयांक हा शब्द रूढ झाला आहे. स्थूलमानाने, आठवड्यास एक तास याप्रमाणे एक सत्र वर्गात बसले म्हणजे एक श्रेयांक. शिवाय वर्गातील प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास करावा, अशी तेथील रीत आहे. असे साधारण १२० श्रेयांक जमले की पदवी पदरात पडते. हे गाठोडे हायस्कुलात असतानाच बांधावयास प्रारंभ करावयाचा, ही या व्यवस्थेची कल्पना. एकाच विषयाने शाळेची अट पुरी होते आणि महाविद्यालयाच्या खात्यावरही जमा होते. म्हणून तीस दुहेरी नोंदणी म्हणता येईल.

याचे मार्ग तीन आहेत, आणि लोक त्यांचा घोटाळा करतात. पहिला मार्ग परीक्षेचा. शाळेतच वरच्या दर्जाचा विषय शिकावयाचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा द्यावयाची. यास ‘ए. पी.’ म्हणतात. गुण १ ते ५ असे मिळतात. ३, ४ अथवा ५ मिळाल्यास श्रेयांक द्यावयाचे की नाही, हे पुढे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमाने ठरविते. दुसरा मार्ग असा की, महाविद्यालयाचा विषय शाळेच्याच इमारतीत शाळेचाच शिक्षक शिकवितो. मात्र अभ्यासक्रम महाविद्यालयाचा आणि शिक्षकास संमतीही महाविद्यालयाची. त्या शिक्षकाचे त्या विषयात बहुधा पदव्युत्तर शिक्षण झालेले असावे लागते. आमच्यासारख्या मॅट्रिक मास्तराची डाळ तेथे शिजली नसती! तिसरा मार्ग म्हणजे मुलाने प्रत्यक्ष महाविद्यालयात जाऊन मोठ्यांच्या वर्गात बसणे. आमच्या नातीचा मार्ग हा तिसरा.

ही कल्पना कालपरवाची नव्हे. परीक्षेच्या मार्गाचा कारभार कॉलेज बोर्डाने १९५५ साली हाती घेतला. शाळेतच महाविद्यालयीन विषय शिकविण्याचा प्रयोग सिरॅक्यूज विद्यापीठाने १९७२ च्या सुमारास सुरू केला. १९८५ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस सरकारी खर्चाने महाविद्यालयात बसण्याची मुभा दिली. राज्यभर असा हक्क देणारे ते पहिले राज्य. १९९० साली वॉशिंग्टन राज्याने तसाच कायदा केला, त्या योजनेचे नाव ‘रनिंग स्टार्ट’. म्हणजे उडी मारण्यापूर्वी घेतलेली धाव. २०२२-२३ या वर्षी साऱ्या देशात अशा रीतीने दुहेरी नोंदणी केलेले शाळकरी विद्यार्थी सुमारे २५ लाख होते. यावरून ही वाट किती वहिवाटीची झाली आहे हे ध्यानी यावे.

आमचे चिरंजीव याच वॉशिंग्टन राज्यात राहतात. नात अकरावीत गेली तेव्हा ‘रनिंग स्टार्ट’चा कागद घरी आला. शिकवणीची फी राज्य भरते. पुस्तके, किरकोळ शुल्क आणि जाण्यायेण्याचा खर्च तेवढा घरचा. सूनबाईंचे म्हणणे होते की मुलीने हे वर्ष शाळेतच सुखाने काढावे. चिरंजीव द्विधा मनःस्थितीत होते. तेव्हा आम्ही वडीलकीच्या नात्याने बोललो, “फुकट मिळणारी विद्या कोणी नाकारते का? दोन वर्षे वाचतील. घेऊन टाका.” वडिलांचा शब्द खाली पडू देऊ नये म्हणून चिरंजीवांनी सही केली. हा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

सप्टेंबरअखेर तिचे महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या दिवशी तिच्यासोबत बसने आम्हीही गेलो. अध्यापकांची परवानगी घेऊन मागच्या बाकावर घटकाभर बसलो. वयाची साठी उलटल्यावर महाविद्यालयाचा वर्ग आतून पाहिला तो असा, नातीच्या पाठीमागे बसून! आम्हांस काय वाटले ते सांगत नाही. तिच्या एका बाजूस सैन्यातून परतलेला तिशीचा गृहस्थ होता, तर दुसऱ्या बाजूस दोन मुलांची आई. दिवसा दुकानात काम करून ती परिचारिकेचे शिक्षण घेऊ पाहत होती. कोणी हजेरी घेऊन दटावीत नव्हते, कोणी वह्या तपाशीत नव्हते. कोणता पाठ केव्हा, निबंध केव्हा, परीक्षा केव्हा, हे सारे पहिल्याच दिवशी एका कागदावर छापून हाती दिले. पुढे ज्याचे त्याने पाहावे.

त्या पहिल्या सत्रात नातीने इंग्रजी लेखन आणि इतिहास हे दोन विषय घेतले आणि दोहोंत उत्तम यश मिळविले. त्या दोन मुलांच्या आईशी तिची मैत्री जडली. “आजोबा, ती रात्री अकरा वाजता अभ्यासाला बसते, मग मी कंटाळा कसा करू?” असे ती एकदा म्हणाली. हा लाभ कोणत्याही श्रेयांकात मोजता येणार नाही. आम्ही पत्र लिहिले ते याच दिवसांत.

पत्रानंतरची हकीकत आता ऐका. जानेवारीत दुसरे सत्र सुरू झाले. नातीस डॉक्टर होण्याची आवड. तिने रसायनशास्त्र घेतले. येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. त्या राज्यातील बहुतेक द्विवर्षीय महाविद्यालयांत वर्षाचे तीन सत्रांत भाग करतात, आणि एक सत्र सुमारे अकरा आठवड्यांचे असते. अशा एका सत्रात पुरा केलेला पाच श्रेयांकांचा विषय शाळेच्या संपूर्ण वर्षाच्या विषयाबरोबर मानला जातो. याचा अर्थ असा की, जे शाळेत दहा महिन्यांत शिकवावयाचे ते येथे अडीच महिन्यांत संपते. शाळेत एक आठवडा आजारी पडलेले मूल सहज भरून काढते. येथे एक आठवडा गेला म्हणजे जवळजवळ शाळेचा महिना गेला. नात फेब्रुवारीत तापाने आठ दिवस अंथरुणास खिळली. उठल्यावर तिला वर्गातले काही उमगेना. तिने ते कोणास सांगितले नाही. का? तर आजोबांनी पत्रातून सर्वांना कळविले आहे, आता मागे कसे फिरावयाचे, म्हणून. हे तिने आम्हांस फार उशिरा सांगितले, आणि ते ऐकून आम्हांस त्या रात्री झोप आली नाही.

चिरंजीवांस शंका आली तेव्हा त्यांनी महाविद्यालयाच्या कचेरीत चौकशी केली. उत्तर नम्र, पण स्पष्ट मिळाले. विद्यार्थिनीच्या लेखी संमतीवाचून तिच्या अभ्यासाविषयी काहीही सांगता येणार नाही. १९७४ च्या संघराज्य कायद्यानुसार महाविद्यालयात नाव घातले की तेथील नोंदींवरचा हक्क मुलाकडे जातो, मग त्याचे वय सोळा का असेना. शाळेतील नोंदी मात्र आईबापांस पाहता येतात. आपल्याकडे गुणपत्रिकेवर पालकाची सही घेण्याची रीत. तेथे पालकास गुणपत्रिका दिसेलच असे नाही. यात कचेरीचा काही दोष नाही. आम्हांस नियम ठाऊक नव्हता, एवढेच. तसेच विषय सोडून देण्यास एक मुदत असते आणि त्या मुदतीत सोडल्यास गुणांऐवजी केवळ ‘सोडला’ अशी खूण राहते, हेही कोणास ठाऊक नव्हते. ठाऊक झाले तेव्हा मुदत उलटून गेली होती. मार्चमध्ये निकाल लागला : रसायनशास्त्रात ‘सी’.

आपण म्हणाल, ‘सी’ म्हणजे उत्तीर्णच की! खरे आहे. परंतु तो ‘सी’ शाळेच्या प्रगतिपुस्तकातला नव्हे, महाविद्यालयाच्या कायमच्या नोंदीतला आहे. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करतेवेळी शाळेत असता घेतलेल्या महाविद्यालयीन विषयांचेही गुण दाखवावे लागतात आणि ते सरासरीत धरले जातात. सोळाव्या वर्षीच्या एका तापाची नोंद बाविसाव्या वर्षी पुढे उभी राहते, ती अशी.

नातीने हिंमत सोडली नाही. पुढचे वर्ष तिने बेताने काढले. सत्राला एकच विषय घेतला. २०२४ च्या जूनमध्ये हायस्कूल पुरे केले तेव्हा तिच्या खात्यावर ३५ श्रेयांक होते. राज्याच्या विद्यापीठाने ते मानले. तेथील गणतीने पदवीस १८० लागतात, तेव्हा एका वर्षास थोडे कमी एवढी बचत झाली. आम्ही छातीठोकपणे सांगितलेली दोन वर्षे नव्हे. रसायनशास्त्राचे पुढचे विषय ती आता विद्यापीठात करीत आहे. डॉक्टर होईल की नाही ते आज सांगता येत नाही. तो ‘सी’ अद्याप तिच्याबरोबर आहे, आणि आमच्याही.

म्हणून ज्यांची मुले त्या वाटेवर आहेत त्यांस आम्ही नम्रपणे काही गोष्टी सुचवितो. पहिली ही की, मुलास ज्या विद्यापीठात जावयाचे असेल ते असे श्रेयांक मानते की नाही, याची चौकशी नाव घालण्यापूर्वी करावी. राज्याची सरकारी विद्यापीठे आपल्याच राज्यातील महाविद्यालयांचे श्रेयांक बहुधा मानतात. नामांकित खासगी विद्यापीठांपैकी कित्येक ते मानीत नाहीत, अथवा शाळेच्या अटीसाठी वापरलेला विषय पुन्हा मोजीत नाहीत. दुसरी, पहिल्या सत्रात एकच विषय घ्यावा, आणि तोही मुलाच्या हातचा. ज्या विषयावर त्याचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून आहे तो पहिल्याच धावेत घेऊ नये. तिसरी, विषय सोडण्याच्या मुदतीची तारीख स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी. चौथी, नोंदी पाहण्याची लेखी संमती मुलाकडून मागावी, पण ती विश्वासाने मागावी, धाकाने नव्हे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की, मुलास मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावी. त्याच्या यशाची दवंडी आधीच पिटू नये. आम्ही ती पिटली. त्याचा परिणाम आपण ऐकला.

तर मग ही योजना वाईट आहे काय? मुळीच नव्हे. किंबहुना तिच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की ती आपल्या समाजाने मनावर घ्यावी. १९७४ साली न्यूयॉर्क शहरात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारातच एक हायस्कूल उघडण्यात आले. ते वर्गात पहिल्या आलेल्या मुलांसाठी नव्हते. शाळा अर्धवट सोडून जातील अशी ज्यांच्याविषयी भीती होती, त्या मुलांसाठी ते होते. रोज महाविद्यालयाच्या आवारात वावरले, मोठी मुले अभ्यास करताना पाहिली, म्हणजे ‘ही जागा आपलीही आहे’ असे त्यांना वाटू लागेल, हा त्यामागील विचार. आम्हांस वाटते, यात मोठे शहाणपण आहे. हुशार मुलाला महाविद्यालय पुढे दिसतच असते. ज्याला ते दिसत नाही त्याला दाखविणे हे खरे काम.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्या महाराष्ट्रात १९७५ पासून अकरावी-बारावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालय या नावाने ओळखले जातात. मौज अशी की, आपला सोळा वर्षांचा मुलगा बारावीच्या आधीच महाविद्यालयाच्या दारातून आत जातो, पण पदवीच्या खात्यावर त्याचे काही जमा होत नाही. तिकडचा मुलगा शाळेच्या बाकावर बसतो आणि त्याच्या खात्यावर जमा होत राहते. नाव आपल्याकडे आहे आणि हिशेब त्यांच्याकडे! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही हा हिशेब सुरू झाला आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी स्थापण्याचे नियम केले. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्यात तर शालेय शिक्षणापासूनच श्रेयांक मोजण्याची योजना आहे. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, असा तीत हिशेब आहे. तेव्हा आज जो प्रश्न अमेरिकेतील आपल्या कुटुंबांपुढे आहे, तो उद्या आपल्याही दाराशी येणार. येईल तेव्हा आपण आमच्यासारखी घाई करू नये, एवढ्यासाठी हे सारे सांगितले.

शेवटी मंडळास एक विनंती. आज आपण ज्यांचा गौरव केला ते सारे ऐंशी टक्क्यांच्या वरचे विद्यार्थी आहेत. त्यांचे अभिनंदन आम्हीही मनापासून करतो. पण आपल्या ज्ञातीत चाळीस-पन्नास टक्के मिळविणारी, एखाद्या विषयात राहिलेली मुलेही आहेत. ती आज या मंडपात आलेली नाहीत. येणार कशी? त्यांना बोलावणेच नव्हते. मंडळाने दर वर्षी अशा आठवी-नववीच्या पंचवीस मुलांस एक दिवस जवळच्या महाविद्यालयात न्यावे. प्रयोगशाळा दाखवावी, ग्रंथालय दाखवावे, प्राचार्यांची परवानगी काढून एका वर्गात तासभर बसवावे. यास श्रेयांक मिळणार नाहीत आणि खर्चही फारसा नाही. पहिल्या वर्षीचे बसभाडे आणि मुलांचे जेवण यांचा भार आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून उचलू. ती रक्कम आज सभा संपल्यावर खजिनदारांकडे देत आहोत. मुलांबरोबर आम्हीही जाऊ. मागच्या बाकावर बसण्याचा अनुभव आम्हांस आहेच.

नातीस आम्ही हे भाषण दूरध्वनीवरून वाचून दाखविले आणि तिची संमती घेतली. “आजोबा, ‘सी’ सांगा, पण त्या ताईंबद्दलही सांगा, त्या आता परिचारिका झाल्या आहेत,” असे ती म्हणाली. तेही सांगितले.